टॅलोनाच्या कोर्टातला हुंकार

खटल्याचा निकाल देणाऱ्या बारा जणांच्या ज्युरीत बसायचं बोलावणं आलं की टॅलोना गावातली निम्मी माणसं ऐनवेळी आजारी पडतात. यूला मे स्टॅलिंग्स मात्र इस्टरची जांभळी हॅट घालून कोर्टात हजर झाली.

"सिस्टर यूला, ती हॅट काढ," शेजारी बसलेला हॉसी पुटपुटला. दोघं एकाच चर्चचे. "सरकारी वकिलाच्या डोळ्यात भरेल आणि तो आधी तुलाच घरी धाडेल."

"हॅट काढली तरी खाली चेहरा तोच राहणार ना, ब्रदर हॉसी!"

खटला गॅरेजवाल्या टायरिस बूनवर, एका काळ्या माणसावर होता. सरकी गिरणीला आग लावल्याचा आरोप. आग त्याने लावली की नाही, यूलाला ठाऊक नव्हतं. पण याच खोलीत तिच्या वडिलांचा निकाल बारा गोऱ्या माणसांनी जेवणाच्या सुट्टीआधीच लावून टाकला होता. आई वरच्या सज्ज्यातून ते ऐकत होती. काळ्या माणसांना तेव्हा तिथेच बसवत. आता सज्ज्याचा जिना काढून टाकलेला होता आणि तोंडावर फळ्या ठोकलेल्या. ज्युरीच्या बारा खुर्च्यांतली एक तरी आज आपल्याला मिळावी, एवढंच मागणं यूलाने पहाटे देवाकडे मागितलं होतं.

सरकारी वकील हॅस्क्यू गोड हसून एकेकाला ज्युरीतून वगळत होता. यूलाच्या रंगाची सगळी माणसं गेली. हॉसीही गेला. "चला, मासे तरी धरीन," म्हणाला खरा, पण मागच्या बाकावर जाऊन बसला.

अकरा खुर्च्या भरल्या. बारावीसाठी यूलाचं नाव निघालं.

न्यायाधीश संथ बोलायचे, शब्दाशब्दाला थांबत. "कायद्यापुढे... लहानमोठं... कुणी नाही..."

"हो, सांगा!" यूला बोलून गेली.

सवयच ती. तिच्या चर्चमध्ये पाद्रीबुवा प्रवचन सांगता सांगता गाऊ लागतात, आणि बाकांवरून हुंकार आला नाही तर ते गाणं जागच्या जागी बसतं. बोलणाऱ्याने विसावा घेतला की यूलाच्या तोंडून हुंकार निघणारच.

खोली खो खो हसली. टायरिसने मान आणखीच खाली घातली.

हॅस्क्यू उठला. "बघा ना साहेब! यांना गप्प बसणंच जमत नाही. ज्युरीत यांचं काय काम?"

न्यायाधीशांनी यूलाकडे पाहिलं. "बाई?"

तिचे गाल तापले होते, पण आवाज कापला नाही. "साहेब, कान देऊन ऐकतो तोच हुंकार देतो. झोपलेला माणूस गप्पच असतो."

"हूंऽ."

आवाज वरून आला होता.

सगळ्या माना वर गेल्या. फळ्या होत्या तशाच होत्या.

"वर कोण आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेब, वर जायला वाटच नाही," शिपाई म्हणाला. त्याचा हात उगाचच कमरेच्या किल्ल्यांवर गेला.

खोलीत खळ दिलेल्या, नुकत्याच इस्त्री केलेल्या सुती कपड्यांचा वास पसरला. रविवारच्या चर्चचा वास.

हॅस्क्यूने घसा खाकरला. "सरकार पक्ष या बाईंना—"

"हूंऽऽ."

या वेळी गळे पुष्कळ होते. म्हाताऱ्या बायकांचे, भरदार पुरुषांचे. खिडकीची काच थरथरली. यूलाच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि का कोण जाणे, तिला हसू फुटलं.

"सरकार पक्ष..." हॅस्क्यू पुन्हा म्हणाला. पण शब्द सपाट निघेना. तो शब्द वर चढला, लांबला, पाद्रीबुवांच्या प्रवचनासारखा गाऊ लागला.

हॅस्क्यूने तोंडावर हात धरला.

आता कुणी हसत नव्हतं. वरचे लोक वाट पाहत असावेत, अशी शांतता.

त्याने हात खाली घेतला. चेहरा घामाने निथळत होता.

"या बाई... आम्हाला... मान्य आहेत."

"हूंऽऽऽ!"

"ग्लोरी! देवाचा महिमा!" मागून हॉसीने मांडीवर थाप मारली. न्यायाधीशांचा हातोडा जागचा हलला नाही.

यूला उठली. हॅट सरळ केली आणि भर खोलीतून ताठ मानेने चालत गेली. टायरिस बूनने सकाळपासून पहिल्यांदाच मान वर केली.

बाराव्या खुर्चीवर दिवसभर कुणी टेकलं नव्हतं. यूला बसली.

खुर्ची ऊबदार होती. आपल्यासाठी जागा धरून बसलेलं माणूस आपण आल्यावर उठून गेलं, की असते तशी.