पलीकडून निघालेली बाई

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा मामा आहे. थापा मारायलाही अंगात उत्साह लागतो, आणि तो मामाकडे गेली कित्येक वर्षं नाही. म्हणून मी या गोष्टीला खरी म्हणतो.

अठ्ठावीस वर्षं त्याने रेल्वेच्या फाटकावर काढली. फाटक पाडलं की लोकांच्या शिव्या खायच्या. उचलायला उशीर झाला की आणखी खायच्या.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मंगळवार आणि बुधवार. वेळ दोन्ही दिवशी एकच, संध्याकाळी पाच ते सहा.

स्टेशन सुधारायचं काम तेव्हा जोरात चाललं होतं. नवा रंग, नवी बाकं, फलाटावर पांढरे दिवे. फाटकातून चालत रूळ ओलांडणाऱ्यांसाठी पादचारी पूल मात्र अकरा वर्षं कागदावरच होता. बसायची सोय झाली, ओलांडायची नाही, असं मामा म्हणायचा.

शेवटी रेल्वेच्या ऑफिसने पुलासाठी मोजणी लावली. तीन दिवस. पलीकडच्या टोकाला ऑफिसच्या मोजणीवाल्या मॅडम, अलीकडच्या टोकाला मामा. मॅडमनी इकडे यायला निघालेले लोक मोजायचे, मामाने इकडे पोचलेले. हातात बटणाचं छोटं यंत्र. माणूस दिसला की बटण दाबायचं. मधे सिग्नलची जुनी केबिन आडवी येते, त्यामुळे या टोकाहून ते टोक दिसत नाही.

दर तासाला दोघांचे आकडे जुळायला हवेत. नाही जुळले की तो दिवस रद्द. दोन दिवस रद्द झाले की मोजणीच रद्द, आणि पूल पुन्हा पाच वर्षांनी.

मामाची नात पुढच्या वर्षी शाळेत जाणार होती. शाळा रुळांपलीकडे. मामाला पूल हवा होता तो तिच्यासाठी, आणि हे तो कुणापासून लपवतही नव्हता.

मंगळवारी सगळे तास जुळले. पाच ते सहाचा तेवढा नाही.

मॅडमचे दोनशे चौदा.

मामाचे दोनशे तेरा.

"काका, डुलकी लागली का?" मॅडम फोनवर हसत म्हणाल्या.

"लागली असेल. वय झालं आता."

दिवस रद्द झाला. घरी मामीने वेगळं ऐकवलं. "रात्रभर घोरता ते पुरत नाही का तुम्हाला?"

बुधवारी मामा डोळ्यात तेल घालून बसला. दुपारचा चहासुद्धा नको म्हणाला.

पाच चाळीसला फाटक पडलं. दुसरा फाटकवाला कामावर होता. फाटक पडलं की घंटा सुरू होते, आणि गाडी जाईपर्यंत ती थांबत नाही.

ती थांबली...

मामाने मान वर केली. फाटकवाला हँडलपाशी पाठमोरा उभा होता. त्याला काही जाणवलेलंच दिसत नव्हतं.

तेवढ्यात मामाचा फोन वाजला.

"काका, आत्ता एक बाई फाटकाखालून वाकून आत गेली. राखाडी कोट, पोटाशी कापडी पिशवी. मी थांबा म्हटलं, तर ऐकेचना. फार दमलेली दिसत होती. कालही हीच होती, पिशवी ओळखली मी. आली का तिकडे?"

मामा वाकून बघत राहिला. केबिनच्या अलीकडे कुणीच नव्हतं.

पावलं मात्र ऐकू येत होती... खडीवर.

एक नीट पडत होतं. दुसरं घासत होतं.

मग गाडी आली आणि धडधडत निघून गेली.

ती गेल्यावर पावलंही नव्हती...

फाटकवाला आणि मामा बॅटरी घेऊन रुळांवर फिरून आले. काही सापडलं नाही. चप्पलसुद्धा नाही.

मॅडमनी सांगितलेली ती पिशवी मामाने एकदा स्वतः रुळांवरून उचलली होती. बारा वर्षांपूर्वी. बाई पलीकडच्या कारखान्यात शिवणकाम करायची. त्या संध्याकाळी फाटकावर मामाच होता. त्याने फाटक पाडलं, दोन्हीकडची वाहनं थांबल्याचं बघितलं आणि स्टेशनला फोन करून सांगितलं, फाटक बंद, रस्ता मोकळा. नियमात तेवढंच होतं. चालणाऱ्यांकडे बघायचं राहून गेलं.

चौकशीत मामाची चूक निघाली नाही. तो थकला तो तेव्हापासून. चूक निघाली असती, शिक्षा झाली असती, तर एकदाचं संपलं तरी असतं.

सहा वाजता मॅडमचा फोन आला. "माझे दोनशे एकतीस. तुमचे?"

यंत्रावर दोनशे तीस होते.

"काका, ती माझ्यासमोरून गेलीय. मी माझा आकडा कमी करणार नाही."

मामा यंत्राकडे बघत राहिला. पुढच्या वर्षी याच खडीतून नात चालत जाईल, एवढंच त्याला दिसत होतं.

त्याने बटण दाबलं.

"आली," तो म्हणाला. "पोचली इकडे. दोनशे एकतीस."

फोन खिशात ठेवला आणि... मागे खडी वाजली.

मग डांबरी रस्त्यावर, अगदी जवळ. एक पाऊल नीट. एक घासत.

मामाने मागे बघितलं नाही. तो तसाच घरापर्यंत चालत गेला. मामीने दार उघडलं आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं.

"अहो, त्या बाईंना आत तरी बोलवा. उभं राहवत नाहीये त्यांना."

मामा वळला. गल्ली रिकामी होती.

पण मामी दारातून बाजूला सरकली... कुणाला तरी वाट द्यावी तशी.

गुरुवारी सगळे तास बिनबोभाट जुळले. पूल मंजूर झाला, बांधूनही झाला. नात त्याच्यावरून उड्या मारत शाळेत जाते.

मामाने त्या बाईच्या घरच्यांची चौकशी केली. नवऱ्याने अपघाताच्या वर्षीच खोली सोडली होती. कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही.

मागच्या महिन्यात मी मामाकडे गेलो होतो. दमून भिंतीजवळच्या खुर्चीत टेकणार, तोच मामी म्हणाली, "तिथे नको रे." आवाज अगदी साधा होता. कुणी झोपलेलं असताना बोलावं तसा.

मामी आत गेल्यावर मी हळूच म्हटलं, "मामा, तिला जायला सांग ना."

"कुठे जा म्हणून सांगू? तिच्या घरात आता दुसरेच राहतात." तो कपाळ चोळत होता. "आणि पोचली म्हणून मीच सांगितलंय ना रे."

मुक्कामाचा बेत होता, पण मी खुर्चीला वळसा घालून दाराशी गेलो आणि चपला घातल्या.