क्लॅम्पखालचा खार

दार ओढून घ्या आणि मोबाईल खिशात ठेवा. सांगतो. पण मधेच कुणी हसायचं नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस.

त्याला सगळे मिस्त्रीच म्हणायचे. गाड्यांच्या बॅटऱ्यांचं काम. स्टँडसमोर जेमतेम दोन माणसं मावतील एवढं दुकान, पण हाताला असं वळण की एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं नाही. बोलायचाही मोठा मजेशीर. "बॅटरी एकाएकी मरत नाही हो," म्हणायचा, "महिनाभर आधी कण्हत असते. आपण कानात बोळे घालून बसतो."

मिस्त्रीची थोरली बहीण त्याच गावात दिलेली. तिचे यजमान, म्हणजे मिस्त्रीचे भावोजी, सरकारी दवाखान्याची अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचे. रात्रपाळीला गाडी त्यांच्या दारातच उभी असायची.

डिसेंबरातला शुक्रवार. संध्याकाळचे साडेपाच. भावोजींनी गाडी दुकानापुढे लावली.

"सकाळी दोनदा नुसतंच टक्क झालं रे. बघ जरा."

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. बॅटरीच्या डोक्यावर शिशाच्या दोन खुंट्या असतात, टर्मिनल. त्यांना वायरी क्लॅम्पनं आवळलेल्या असतात. आतल्या अ‍ॅसिडची वाफ सुटते, आणि तिथं पांढरा-हिरवट खार फुलतो. वरचा खार दिसतो तरी. घात करतो तो क्लॅम्पच्या आतला, कारण करंट तिथंच अडतो. म्हणून क्लॅम्प खोलायचा. आधी काळी वायर, मग लाल. सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायचं, ब्रशनं शिसं चमकेपर्यंत घासायचं, कोरडं करायचं. आवळताना आधी लाल, मग काळी, आणि शेवटी वरून ग्रीसचा हात. नीट करायचं तर पाऊण तास.

आणि सहा वाजता मिस्त्रीच्या लेकीचा शाळेत नाच होता. सकाळपासून तिनं चारदा बजावलेलं, "बाबा, पहिल्या रांगेत बसायचं."

मिस्त्रीनं किटलीतलं गरम पाणी वरून ओतलं. फेस आला, खार वाहून गेला. वर ग्रीस फासलं. क्लॅम्प खोललाच नाही.

"झालं?" भावोजींनी विचारलं.

"झालं. वर्षभर बघायला नको."

उद्या आणा, नीट खोलून करतो... एवढंच म्हणायचं होतं. म्हणाला नाही. बॉनेट आपटलं, हात पुसले आणि शाळेत पहिल्या रांगेत जाऊन बसला. बसताना फोनचा आवाज बंद केला.

त्याच रात्री, दोनला दहा कमी असताना, ताईला दम लागला. दम्याचा त्रास जुनाच, पण असा कधी नाही. भावोजींनी तिला उचलून मागं स्ट्रेचरवर ठेवली. दवाखाना बारा मिनिटांवर. चावी फिरवली.

टक्क.

पुन्हा फिरवली. टक्क. शेजाऱ्यांनी ढकलली, पण गल्ली चढाची, हलेना. भावोजींनी मिस्त्रीला सात वेळा फोन केला. आवाज बंद केलेला फोन शर्टाच्या खिशात, शर्ट खुंटीवर. दुसरी गाडी येईपर्यंत तीन वाजले. तोवर ताई गेली होती. स्वतःच्या दारात, नवऱ्याच्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये.

पहाटे मिस्त्री धावत आला. माणसं आत रडत होती. तो आधी बॉनेटपाशी गेला. कुणी बघत नाही असं पाहून क्लॅम्प खोलला, आतला खार खरवडला, पुन्हा आवळला. गाडी एका चावीत सुरू झाली.

भावोजी दारात आले. डोळे लाल.

"आता कशी रे झाली?"

"थंडीनं बसली असेल," मिस्त्री म्हणाला.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणाले, वेळच आली होती. तोही मान हलवायचा. पण पुढं चेष्टामस्करी बंद झाली. साधी स्कूटर आली तरी दोन्ही क्लॅम्प खोलायचा. एकदा घासायचा, पुन्हा घासायचा. गिऱ्हाइकं वैतागायची. भावोजींनी गाडी सोडली, दवाखान्यात चौकीदारी धरली.

असे दहा महिने गेले.

ऑक्टोबरातला शनिवार. गावाबाहेर दगडाची खाण आहे, तिथं एक ट्रक बंद पडला म्हणून मिस्त्रीला बोलावणं आलं. काम लांबलं. रात्री दीड वाजता मोटारसायकलवर सामानाची पेटी बांधून निघाला. खाणीचा रस्ता म्हणजे दगडाची पांढरी भुकटी, पायाचा घोटा बुडेल एवढी. ना घर, ना दिवा. हवा पडलेली.

वळण घेतलं आणि पुढं गाडी दिसली. रस्त्यातच उभी. बॉनेट वर. मागच्या काचेत बारीक पिवळा उजेड.

अ‍ॅम्ब्युलन्स.

नवा ड्रायव्हर अडकला असेल, असं वाटून त्यानं मोटारसायकल थांबवली. हाक मारली. उत्तर नाही. पुढची सीट रिकामी. चावी जागेवर.

मागून कुणीतरी श्वास घेत होतं. ओढून... ओढून...

"कोण आहे आत?"

श्वास थांबला. मग आवाज आला.

"बाळ्या... आलास?"

बाळ्या त्याला जगात एकच माणूस म्हणायचं.

त्यानं मागचं दार उघडलं नाही. धीरच झाला नाही. दारावर हात ठेवून तसाच उभा राहिला. आवाजात राग नव्हता, पोरांनो. तेच त्याला सोसेना.

"बघ रे जरा... काय झालंय गाडीला..."

"बघतो, ताई. आत्ता बघतो."

त्यानं पेटी उघडली. तोंडात टॉर्च धरला. बॅटरीवर खार चढला होता, कणसासारखा. त्यानं काळी वायर सोडवली. मग लाल. थर्मासमधलं गरम पाणी, त्यात सोडा. घासलं. शिसं आरशासारखं चमकलं. पुसलं. लाल आवळली. काळी आवळली. ग्रीस लावलं. एक पायरी चुकवली नाही. धावत जाऊन चावी फिरवली.

टक्क.

परत आला. टॉर्च मारला. खार... होता तेवढाच.

मागं श्वास आखूड झाला होता.

पुन्हा खोललं. पुन्हा घासलं. पाणी संपलं. चावी फिरवली.

टक्क.

"बाळ्या..."

"झालंच, ताई... झालंच."

सोडा संपला. ब्रशच्या तारा झिजल्या. शर्ट काढून शर्टानं घासलं. मग नखांनी. बोटं भाजत होती. तो खरवडत होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत, बोटांमधून, खार फुलत होता. पांढरा. मऊ. आवाज न करता.

श्वास... 

मग थोड्या वेळानं एक...

मग...

मिस्त्री थांबला. कान देऊन उभा राहिला. कितीतरी वेळ.

मग तो गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "ताई, मी त्या दिवशी खोललंच नव्हतं."



पिवळा उजेड विझला.

उजाडलं तेव्हा तो रस्त्यात तसाच बसलेला होता. अंगात शर्ट नाही, समोर गाडी नाही. मोटारसायकल बाजूला, पेटी उघडी. दहाही बोटांची कातडी अ‍ॅसिडनं सोललेली. तो तसाच भावोजींच्या दारी गेला. त्या दिवशी सकाळी मी भावोजींकडेच होतो, म्हणून पुढचं मला कुणी सांगावं लागलं नाही.

त्यानं सगळं सांगितलं. रात्रीचं आणि दहा महिन्यांपूर्वीचंही. किटली, ग्रीस, थंडीनं बसली म्हणालेला ते. भावोजी ऐकत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले,

"मला माहीत होतं."

मिस्त्रीनं वर बघितलं.

"ती गेल्यावर मीच पाना घेतला. क्लॅम्प उघडून बघितला. वर ग्रीस, आत खार. पुन्हा होता तसा लावून ठेवला. पहाटे तू चोरून खरवडत होतास ना? खिडकीतून बघत होतो."

"मग बोलला का नाहीत, भावोजी?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होतो. रोज बघायचो. आता नको बोलूस. मला त्याचा काही उपयोग नाही."

तुम्ही विचाराल, त्यांनी माफ केलं का? नाही. शिव्याही दिल्या नाहीत. फक्त दवाखान्यात फोन लावला. अ‍ॅम्ब्युलन्स रात्री अकरापासून शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या आवारात उभी होती, चाळीस किलोमीटर लांब. ड्रायव्हर आतच झोपला होता. भावोजींनी फोन ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

"चल. जागा दाखव."

आम्ही तिघं गेलो. रविवार होता, खाण बंद, रस्त्यावर दुसरं चाक फिरलेलं नाही. भुकटीत मिस्त्रीच्या मोटारसायकलची रेघ दिसत होती. त्याच्या गुडघ्यांचे दोन खळगे. त्याची धावाधाव, पुढं आणि मागं.

आणि चार चाकांचे चार ठसे.

फक्त चार. मागं येतानाची रेघ नाही, पुढं जातानाची नाही. जड गाडी बरेच महिने एका जागी उभी राहावी तसे खोल रुतलेले. भुकटीवर नक्षी स्वच्छ उमटलेली.

भावोजी वाकले. एकेका ठशाजवळ जाऊन बघितलं. मागच्या डाव्या ठशापाशी थांबले. तिथली नक्षी बाकीच्या तिन्हींहून वेगळी होती.

"माझी गाडी," ते म्हणाले. "हे टायर ती गेली त्याच आठवड्यात मी बदललं होतं."

मग जिथं मागचं दार आलं असतं, तिथं ते जमिनीवर बसले.

मिस्त्री लांब उभा होता. त्याला कुणी जवळ बोलावलं नाही.