निळ्या गाडीचा जामीन

"आणि ह्या गाडीत मागे कोण बसणार, ताई?"

छोटूने हे विचारलं तेव्हा जेवणं नुकतीच आटोपली होती, आणि उष्टी ताटं बाजूला सारून ताईने टेबलावर गाडीचं गुळगुळीत रंगीत पत्रक पसरलं होतं. प्रश्न साधाच होता. पण ज्या घरात चौतीस वर्षांत ताईला कुणी 'कशाला' म्हणून विचारलं नव्हतं, कारण स्वतःसाठी तिने कधी काही मागितलंच नव्हतं, त्या घरात तो जरा मोठ्याने वाजला...

छोटू काही छोटा नव्हता. बेचाळीस वर्षांचा, चष्म्याच्या दुकानाचा मालक, कानशिलं पांढरी झालेला, भिंगं घासताना केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा माणूस. पण आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ताई एकोणीस वर्षांची. पुढच्या दोन वर्षांत वडीलही गेले. आणि तेव्हापासून तो जो छोटू राहिला तो राहिलाच. ताईने कॉलेज सोडलं, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नोकरी धरली, त्याला शिकवलं, दुकान घालून दिलं, त्याचं लग्न लावलं. तिचंही एकदा जुळत आलं होतं. त्या माणसाची बदली दूर झाली, इकडे छोटूची परीक्षा तोंडावर होती, आणि तो विषय तिथेच मिटला. ह्याबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. न बोलण्याचा तिला थोडा अभिमानही होता, हे सांगून टाकलेलं बरं.

बाहेर सगळे तिला 'क्लचबाई' म्हणत. तीस वर्षं ती शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसत आली होती, पायाशी तिच्यासाठी मुद्दाम बसवलेला जादा ब्रेक, नजर रस्त्यावर, आणि तोंडात पहिल्या दिवशीचं ठरलेलं वाक्य, "बिनधास्त चुका, मी बसलेय ना." ह्या वाक्याच्या भरवशावर दोन हजारांवर माणसं गाडी शिकली होती. शाळेची पांढरी गाडी संध्याकाळी घरी न्यायची तिला मुभा होती, त्यामुळे घराची गाडीही तीच. हॉस्पिटलात एक्स-रे काढणाऱ्या भावजयीला ड्यूटीवर पोचवणं, भाचीला क्लासला सोडणं, छोटूच्या भिंगांची खोकी आणणं, सगळं ताईकडे. घरात दुसऱ्या कुणाला गाडी येतच नव्हती. तिच्यासारखी शिकवणारी घरात असताना कुणाला येऊ नये, ह्याचं घरात कुणाला नवल वाटत नव्हतं.

मग शाळेचा मालक बदलला. नवा मालक म्हणाला, गाड्या उद्यापासून शाळेतच लागतील. आणि त्रेपन्नाव्या वर्षी ताईवर स्वतःची गाडी घ्यायची वेळ आली.

कुठली घ्यायची हे घराने आधीच ठरवून टाकलं होतं. चार दारांची, मोठ्या डिकीची, पाच जण आरामात बसतील अशी. शनिवारी ताई तीच बघायला गेली होती. तिच्या शेजारी निळी उभी होती.

दोन दारं, बुटका बांधा, रुंद चाकं. मागची सीट होती, पण ती आपली असण्यापुरती. एक पिशवी आणि एक छत्री तिथे ऐसपैस बसली असती. "ही तरुणांची गाडी आहे, मॅडम," विक्रेता म्हणाला, आणि ताईने किल्लीसाठी हात पुढे केला. गिअर मनगटाच्या एवढ्याशा हालचालीने पडत होता. स्टीअरिंग जेवढं फिरवावं तेवढीच गाडी वळत होती, ना कमी ना जास्त. पाव तास ती चालवत होती, आणि परत येऊन इंजिन बंद करताना तिच्या लक्षात आलं की त्या पाव तासात तिने दुसऱ्या कुणाच्याही पायाचा विचार केला नव्हता... शेजारची सीट विक्रेत्याने भरली होती, पण त्याला काही शिकवायचं नव्हतं, कुठे पोचवायचं नव्हतं. तिचं अंतःकरण एकाएकी असं भरून आलं की तिला खाली उतरता येईना. विक्रेत्याला वाटलं, एसीचा झोत डोळ्यांवर आला असेल.

ताई वाहवत जाणारी बाई नव्हती. तिने नीट विचार केला. रोजचं जाणं-येणं बारा-बारा किलोमीटर, शाळेजवळ गाडी लावायला जागा चिंचोळी, तिथे छोटी गाडीच बरी. उलट बाजूला, बसणं कडक, प्रत्येक गतिरोधकावर जपून घ्यावी लागणार, विमा महाग. आणि रोकड पुरेशी नाही, म्हणजे पाच वर्षांचं कर्ज. हौसेला मोल नसतं म्हणतात. ह्या हौसेला होतं, आणि ते साठ हप्त्यांत होतं. शाळेत तिला तासांवर पैसे मिळत, पगाराचा कागद नव्हता. तेव्हा कर्ज देणारा साहेब, जो कधीकाळी उलटी गाडी घेताना तिच्या हाताखाली दोनदा नापास झाला होता, फार अदबीने म्हणाला, "एक जामीन लागेल, मॅडम. घरातलाच कुणी असला तर उत्तम." छोटूच्या दुकानाला ताईच जामीन राहिली होती. त्यामुळे तिला ह्यात अवघड काही दिसलं नाही.

"मागे पिशव्या बसतील," ती म्हणाली.

"आणि आम्ही?"

भावजय पदराला हात पुशीत आली. ती मनाने वाईट नव्हती; तिचं म्हणणं नेहमी थोडं बरोबर असायचं, म्हणून ते जास्त लागायचं. "ताई, ड्यूटीला जाताना ठीक आहे, मी पुढे बसेन. पण चौघं मिळून कुठे निघालो तर? आणि कर्ज काढायचं ते अशा... म्हणजे, रोज वापरायची गाडी आहे ना ती?"

"रोजच वापरणार आहे."

"लोक म्हणतील, क्लचबाईंना म्हातारचळ लागला," छोटू हसत म्हणाला. कुणीच साथ दिली नाही तेव्हा त्यालाही आपलं हसू आवरावं लागलं. "हे बघ, सही मी कुठेही करतो. सुरुवातीचे पैसेही मी भरतो. पण ती मोठी घे. सगळ्यांच्या उपयोगाची."

ताईने पत्रकाची घडी घातली आणि ताटं उचलली. त्या दिवशी भांडी जरा जास्त वेळ घासली गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छोटू दुकान बंद करून आला, तेव्हा ती दारातच उभी होती. दिवसभर मनात घोळवलेलं वाक्य तिने एका दमात म्हणून टाकलं. "छोट्या, चौतीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलंय?"

"नाही मागितलंस," तो बूट काढता काढता थांबला. "तेच तर. तू कधी मागत नाहीस, आणि मग आम्हाला कधी देता येत नाही." आणि खाली बघतच तो म्हणाला, "मला गाडी का येत नाही, ठाऊक आहे तुला?"

"तुला आवड नव्हती."

"अठरा वर्षांचा होतो. बावीस दिवस शिकवलंस मला. बावीस दिवसांत मी एकदाही गाडी थांबवली नाही, ताई. दर वेळी तू थांबवलीस. माझा पाय ब्रेकवर पोचायच्या आधी तुझा पोचलेला असायचा. शेवटी मला कळेनासं झालं, गाडी माझ्याने थांबतेय की तुझ्याने. मग सोडून दिलं." तो स्टुलावर टेकला. "दोन हजार माणसांना तू चुकू दिलंस. मला एकदाही नाही."

खोटं म्हणावं तर ते खोटं नव्हतं... तिला ते बावीस दिवस आठवत होते, तिच्या दुखऱ्या पोटरीसकट.

"ती माणसं माझी नव्हती रे," ती पुटपुटली. "तुला काही झालं असतं तर..."

"झालं असतं थोडं काही. एखादा खांब वाकला असता." त्याने डोळे पुसले. बेचाळीस वर्षांचा माणूस दारातल्या स्टुलावर एक बूट घालून, एक हातात धरून रडत होता. "आणि आता तू तुझ्यापुरती गाडी घेऊन निघणार. निघ ना. पण मग मला आधी एवढं पांगळं कशाला केलंस?"

भावजय स्वयंपाकघरात होती. तिने नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने साहेबाला फोन करून सांगितलं, निळी नको, मोठीचे कागद करा. तिला रडू आलं नाही. त्याग ही तिची जुनी वाट होती, आणि पायाखालच्या वाटेवर माणूस न बघता वळतो. उलट मनाला एक ओळखीची, गोडसर वेदना झाली आणि तिला जरा बरंच वाटलं.

गुरुवारी दुपारी छोटू दुकानाला तासाभराची सुट्टी देऊन सही करायला आला. ताई आधीच येऊन बसली होती. साहेबाने कागद पुढे सरकवला, जिथे जिथे सही करायची तिथे पेन्सिलीच्या फुल्या होत्या. छोटूने चष्मा वर सरकवून कागद वाचला. पहिलं पान वाचून तो परत वरच्या ओळीवर गेला.

"ही कुठली गाडी?"

"मोठी," ताई म्हणाली. "तुम्हाला हवी होती ती."

छोटूने पेनाला टोपण घातलं. "मी ह्याच्यावर सही करणार नाही."

साहेब खुर्चीत अवघडला. ताईने छोटूच्या हाताकडे पाहिलं. हाच हात धरून तिने ह्याला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली होती. त्या हाताने आज परक्या माणसासमोर तिला नाही म्हणावं... आता तरी काय राहिलं होतं ह्याचं म्हणणं? सगळं तर त्याच्या मनासारखं केलं होतं.

"निळीचे कागद काढा," छोटू साहेबाला म्हणाला.

"वेडेपणा करू नकोस, छोट्या. तुम्हा सगळ्यांना..."

"ही मोठी घेतलीस तर तू मरेपर्यंत मला नेत राहशील, आणि मी मरेपर्यंत तुझा देणेकरी. रोज स्टीअरिंगला हात लावताना मनात म्हणशील, ह्यांच्यासाठी सोडली. तोंडाने म्हणणार नाहीस, तेवढी तू चांगली आहेस." तो हे सगळं हळू आवाजात बोलत होता, गिऱ्हाइकाला नंबर समजावून सांगावा तसं. "मला तुझा आणखी एक त्याग परवडणार नाही, ताई. आधीचेच अजून फिटले नाहीत."

साहेबाने मोठीचे कागद मागे ओढून घेतले.

"आणि मी काल नाव घातलंय," तो म्हणाला. "गाडी शिकायला. तुझ्याकडे नाही. स्टेडियमजवळची ती दुसरी शाळा आहे ना, तिथे."

हे मात्र ताईला निळ्या गाडीपेक्षा जास्त लागलं. "तिथली ती बाई?" ती म्हणाली. "तिची माणसं वळणावर क्लच दाबून धरतात."

"धरू दे."

"गिअरबॉक्सची वाट लागते अशाने."

"लागू दे, ताई."

आणि मग तिला रडू आलं. चौतीस वर्षं साठवलेलं, आवाज न करता, खांदे गदगदवत... छोटूने तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला नाही. साहेबाने कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि आपण संगणकात काहीतरी शोधतोय असं दाखवलं. नवे कागद निघाले. छोटूने प्रत्येक फुलीवर आपली बारीक, रेखीव सही केली, आणि शेवटच्या पानावर ताईने केली, जराशी वाकडी.

निळी घरी आली. गतिरोधकांवर ती आपटे, भाची मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसे आणि वर म्हणे की मजा येते. कडक सीटने कंबर धरते म्हणून भावजय सकाळी बसने जाऊ लागली. पहिले चार दिवस ती कुरकुरली. पाचव्या दिवशी तिला बसमध्ये एक मैत्रीण मिळाली. ताई रोज बारा किलोमीटर जाई, बारा किलोमीटर येई. रविवारी मात्र ती कुठेही जायचं नसताना बाहेर पडायची आणि तासाभराने परत यायची. कुठे गेली होतीस, असं कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात, बाजारपुलाच्या चढावर, सिग्नलला ती थांबली होती. पुढे त्या दुसऱ्या शाळेची पिवळी गाडी. चालकाची मान तिने लगेच ओळखली. त्याचे केस तिने त्याच्या लहानपणी कितीतरी वेळा विंचरले होते. सिग्नल हिरवा झाला. पिवळी गाडी थरथरली, थोडी मागे सरकली, आणि बंद पडली.

मागून हॉर्न सुरू झाले. पुन्हा चावी, पुन्हा धक्का, पुन्हा बंद. ताईचा हात दाराच्या कडीवर गेला. दहा पावलं अंतर होतं. खिडकीशी जाऊन एवढंच सांगायचं होतं, क्लच हळू सोड, आधी आवाज ऐक... एवढंच. तिचा जीव व्याकूळ झाला. तिने कडीवरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

तिसऱ्या खेपेला गाडी उचलली गेली, आणि चढ चढून पुलावर गेली. जाता जाता छोटूने मागच्या अनोळखी माणसाची माफी मागण्यासाठी खिडकीतून हात वर केला. आरसा पाहिला नाही, ताईने सवयीने मनात टिपलं. पाहिला असता तर निळी दिसली असती. तोवर सिग्नल पुन्हा लाल झाला होता. ती डोळे पुसत तिथेच बसून राहिली, आणि मागचा टेम्पोवाला तिला काय काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी जेवताना छोटू भलताच खुशीत होता. "आज पुलाच्या चढावर नेली," तो सगळ्यांना म्हणाला. "एकदाही बंद पडली नाही."

भावजयीने ताईकडे पाहिलं. ताईने त्याच्या पेल्यात पाणी ओतलं.

"शाब्बास," ती म्हणाली. "चढावर भल्याभल्यांची बंद पडते."