फिरव गं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण माझा मामा थापा मारणारा माणूस नाही. जन्मभर लेथवर काम केलं त्याने. सुताएवढा फरक पडला तरी झोप उडायची त्याची.

तो रविवार होता. दुपारचे तीन. लख्ख ऊन. जागा म्हणाल, तर त्याच्याच घरामागचं अंगण.

मामीला जाऊन आठ महिने झाले होते. मूलबाळ नाही. घरात आता एक कप, एक ताट आणि मामा.

गाडी एकोणीस वर्षांची. स्टिअरिंग फिरवलं की पुढून 'ठक' आवाज यायचा. डाव्या चाकाजवळचा, टाय रॉडच्या म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा झिजला होता. रस्त्यात निखळला तर स्टिअरिंग एकीकडे आणि चाक दुसरीकडे.

नवा सांधा आणून महिना झाला होता. पण मामाच्या पद्धतीत या कामाला दोघं लागायची. एकाने खाली झोपून सांध्यावर बोट ठेवायचं, दुसऱ्याने आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं. इतकी वर्षं आत मामीच बसायची. "तुम्ही गाडीखाली, मी गाडीत, झाला आपला संसार!" म्हणून हसायची.

तिच्या जागी शेजाऱ्याला बसवायचं मामाच्या जिवावर आलं होतं.

शेवटी त्याने एकट्यानेच जॅकने गाडी उचलली, खाली स्टँड लावले, चाक काढलं. किल्ली खिशात. म्हणजे स्टिअरिंग लॉक.

तो खाली सरकला. सांध्यावर बोट ठेवलं. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं...

"हं, फिरव गं."

स्वतःचीच कीव आली त्याला. डोळे भरून आले.

आणि...

ठक.

दांडा डावीकडे सरकला. मग उजवीकडे.

ठक.

मामी फिरवायची तसाच. घाई नाही, झटका नाही.

मामाने मान वळवून पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. फाटकाला आतून कडी होती.

"कोण आहे?" हे शब्द ओठांवर आले होते. पण त्याने विचारलं नाही. विचारलं आणि थांबलं तर?

तो कामाला लागला. नट सोडवला, हातोडीने ठोकून सांधा काढला, नवा चढवला. आणि बोलत राहिला. आठ महिन्यांचं साचलेलं सगळं. गिझर बिघडलाय. तुझी चप्पल अजून दारातच आहे. एकट्याने जेवण घशाखाली उतरत नाही गं.

वरून उत्तर नाही. फक्त मधूनमधून... सीट कुरकुरायची. कुणी बसून बसून अवघडलं की कुरकुरते तशी.

नट आवळून झाला. त्याने बोट ठेवलं.

"फिरव."

दांडा डावीकडे गेला. उजवीकडे आला. आवाज नाही. सांधा घट्ट.

मामा खूश झाला. आणि काम झालं की नेहमी जे म्हणायचा, तेच म्हणून बसला...

"झालं गं. उतर आता."

सीट एकदा कुरकुरली.

मग काही नाही.

"थांब! अगं, थांब जरा!" अंग खरचटत मामा बाहेर आला. चारही दारं बंद. आत कुणी नाही. त्याने दार उघडून स्टिअरिंग हलवून पाहिलं. लॉक. जागचं हलेना.

हे त्याने मला पंधरा दिवसांनी सांगितलं, त्याच अंगणात. गाडी अजूनही स्टँडवरच होती. मी वाकून पाहिलं, तर नवाकोरा सांधा फडक्यावर काढून ठेवलेला. जागेवर पुन्हा जुनाच.

"मामा, हे काय?"

"काम संपलं की ती उतरते," तो म्हणाला. "आता संपवायचंच नाही."

मला गलबलून आलं. म्हटलं, "तू हो खाली. मी बसते आत, मी फिरवते." आणि दाराला हात घातला.

मामा आयुष्यात कधी माझ्यावर ओरडला नव्हता.

"कुठे बसतेस? तिच्या मांडीवर?"

मी काचेतून पाहिलं. सीट रिकामी होती. तरी माझा हात आपोआप मागे आला.

परवा फोनवर विचारलं, "झाली का गाडी?"

"अजून नाही. बरंच काम आहे," तो म्हणाला.

इतका सुखी आवाज मी त्याचा मामी गेल्यापासून ऐकला नव्हता.