घंटेच्या आधी

घंटामावशी गेल्याचं शाळेला कळलं ते घंटा न झाल्यामुळे. सकाळचे टोल त्यांनीच दिले होते. मग जरा पडते म्हणून त्या शाळेमागच्या आपल्या खोलीत गेल्या. मधल्या सुट्टीची वेळ टळून गेली, गणिताचे सर फळ्यावर लिहीतच राहिले, आणि शेवटी मावशींचे यजमान, शाळेचे माळीकाका, कार्यालयाच्या दारात येऊन उभे राहिले. एवढंच म्हणाले, "आज आता घंटा होणार नाही."

आठ दिवसांत विजेची घंटा बसली. कारकूनकाकांना तिचा फार अभिमान. एका सेकंदाचा फरक नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मग परीक्षा झाली, सुट्टी लागली आणि शाळेतच चित्रकलेचं शिबिर सुरू झालं. लंबू आणि त्याच्या वर्गातली चष्मिस, दोघांनी नाव घातलं. लंबूची सात वर्षांची बहीण कुणी न विचारताच आली. ती सगळीकडेच मागे मागे यायची, म्हणून तिचं नाव शेपूट.

शिबिरात ठिणगीही होती. तीही त्यांच्याच वर्गातली. कधी भडकेल सांगता यायचं नाही, म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणत. पण पाच दिवस ती शांत होती. एक मोठी नदी काढत होती आणि शेपटीला रंग कालवून देत होती.

सहाव्या दिवशी कारकूनकाकांनी चाचणी म्हणून घंटा सुरू केली. घंटा घणघणली तशी ठिणगीने रंगाची वाटी भिरकावली, टेबल उलटं केलं आणि ती पळत सुटली ती थेट फाटकाबाहेर, रस्त्यावर. एका सायकलवाल्याने करकचून ब्रेक लावला म्हणून बरं.

मोठ्या बाईंनी तिच्या वडिलांना निरोप धाडला. ते बस चालवत. यापूर्वी तीनदा रजा काढून शाळेत येऊन गेले होते. या वेळी निरोप वेगळा होता. शनिवारी या, मुलीला दुसरी शाळा बघावी लागेल.

"बरं झालं," लंबू म्हणाला. त्याचा नवा सदरा निळा झाला होता.

चष्मिस वर्गाची मॉनिटर. ठिणगीच्या तक्रारी वहीत तीच लिहायची. तिने कपाटातून वही काढली आणि बोट ठेवत ठेवत वाचली. तेवीस नोंदी. कुठे पट्टी फेकली, कुठे दप्तर, कुठे बाकाला लाथ. वेळ मात्र तीनच: दहा चाळीस, बारा वीस, दोन दहा. आणि पहिली नोंद विजेची घंटा बसली त्याच दिवसाची.

"प्रत्येक वेळी घंटाच होतेय," ती म्हणाली. "मीच लिहिलंय हे सगळं. आणि मलाच दिसलं नाही."

"मग सोपं आहे," लंबू म्हणाला. "आवाज सहन होत नाही तिला. कापूस द्यायचा."

दुसऱ्या दिवशी त्याने घरून मूठभर कापूस आणला. ठिणगीने तो त्याच्याच डोक्यावर भिरकावला. लंबू म्हातारा दिसायला लागला. शेपूट इतकी हसली की खाली बसली, आणि मग ठिणगीलाही हसू आलं. हसता हसताच ती बोलून गेली, "आवाजाला नाही भीत मी. कधी होणार ते कळत नाही."

"भिंतीवर घड्याळ आहे की," लंबू कापूस झटकत म्हणाला.

"सारखं घड्याळच बघत बसले तर लिहू कधी?"

चष्मिसने हळूच विचारलं, "आधी कसं कळायचं?"

"आधी मावशी होती," ठिणगी म्हणाली आणि नदीत रंग भरायला लागली.

तिघं माळीकाकांकडे गेले. ते पाइप धरून कुंड्यांना पाणी घालत होते. मावशी गेल्यापासून त्यांच्याशी काय बोलावं हे कुणालाच सुचत नसे, म्हणून कुणी बोलतच नसे. शेपटीने सरळ विचारलं, "काका, मावशी घंटा द्यायच्या आधी काय करायची?"

काकांनी पाइप एकाच कुंडीत धरून ठेवला. मग म्हणाले, "घंटा आमच्या दारापासून पाच पावलांवर. पण ती कधी सरळ गेली नाही. वर्गांच्या मागून, खिडक्यांवरून वळसा घालून जायची. गुडघे दुखायचे तिचे. मी ओरडायचो, कशाला ही तंगडतोड? तर म्हणायची, एकीला सांगून येते."

"कोणाला?" चष्मिसने विचारलं.

"ते मी कधी विचारलं नाही."

कुंडी भरून पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं. लंबूने जाऊन नळ बंद केला.

तिघांनी परत येऊन हे ठिणगीला सांगितलं, आणि या वेळी ती बोलली. मावशी खिडकीवर दोनदा टकटक करायची, एक बोट वर करायची आणि पुढे जायची. मग ठिणगी पेन खाली ठेवायची, कानांवर हात घ्यायची आणि घंटा होऊन जायची. बस, एवढंच.

चष्मिसने बेत सांगितला. ठिणगीने विचारलं, "आणि नाही जमलं तर?"

"तर आपण चौघं बाईंच्या दारात उभे राहू," लंबू म्हणाला. "एकटीला नाही सोडणार."

शनिवारी दहा वाजता मोठ्या बाईंच्या खोलीत ठिणगी आणि तिचे वडील बसले होते. वडिलांच्या अंगावर गणवेश होता. तसेच कामावरून आले होते. बाहेर लंबू कारकूनकाकांना म्हणाला, "काका, तुमची घंटा मागे पडते असं मुलं म्हणतात."

"माझी घंटा? मागे?" काकांनी सुट्टीपुरती बंद ठेवलेली घंटा तिथल्या तिथे चालू केली. "दहा चाळीसला ऐकच तू."

दहा अडतीसला खिडकीवर दोनदा टकटक झाली. शेपटीचा हात पोचत नव्हता, म्हणून लंबूने तिला कंबरेला धरून उचललं होतं. तिने एक बोट वर केलं. ठिणगी कागदावर होडी काढत होती, तिने पेन्सिल खाली ठेवली आणि कानांवर हात घेतले.

घंटा घणघणली. बाईंनी पाण्याचा ग्लास घट्ट धरला. वडील अर्धे उठले. घंटा थांबली. ठिणगीने हात खाली घेतले, पेन्सिल उचलली आणि होडीचं शीड पुरं केलं.

मग चष्मिस वही घेऊन आत आली आणि तिने सगळं सांगितलं. मागे दारात माळीकाका उभे होते. "जिला सांगून यायची ती ही होती तर," ते म्हणाले आणि त्यांनी ठिणगीच्या डोक्यावर हात ठेवला.

बाईंनी वही चाळली. "तेवीस वेळा वेळ लिहिली आपण," त्या म्हणाल्या. "तिला एकदाही विचारलं नाही. तुम्ही पोरांनी विचारलंत." त्यांनी वडिलांना सांगितलं, की मुलगी कुठेही जाणार नाही आणि तुम्हाला रजेवर रजा काढायला लावल्या त्याबद्दल माफ करा. वडिलांनी खिशातून रुमाल काढला आणि ते नुसतीच त्याची घडी घालत राहिले.

शाळा उघडली तशी टकटक करणाऱ्यांची यादी फळ्याशेजारी लागली. शेपटीने पहिलं नाव स्वतःचं घालून घेतलं. दोन दहाची पाळी माळीकाकांनी मागून घेतली. तेही आता मागून, वळसा घालूनच जातात.

वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे ठिणगीला विचारून तिची बाजूही लिहायची, असं बाईंनी ठरवलं. चष्मिस आणि ठिणगी रोज त्यासाठी थोडा वेळ बसतात. तीन नोंदी झाल्या आहेत. वीस अजून व्हायच्या आहेत.