येताना दोन तास कमी

लांब पल्ल्याचं आणखी एक तिकीट खपलं, की खिडकीजवळची खुर्ची तिची होणार होती. प्रवास कंपनीच्या त्या ऑफिसात ऊन आणि रस्ता दिसणारी ती एकच जागा. बाकीच्यांच्या वाट्याला भिंत. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण विक्रीत तिच्या बरोबरीला आलेली. त्यामुळे समोरच्या दुकानातला तरुण शिंपी गळ्यात टेप अडकवून आत शिरला, तेव्हा तिनं ठेवणीतलं हसू बाहेर काढलं.

ते वाया गेलं. तो सरळ भिंतीवरच्या नकाशाकडे गेला — आणि दोन विमानतळांमध्ये टेप लावून माप घेऊ लागला!

"अहो, जग काय सदरा आहे?"

"ताई तिकडे असते," तो ओशाळून म्हणाला. "तिच्या दुकानात माणूस कमी पडतंय. कायमचा ये म्हणते, शनिवारपर्यंत कळव म्हणते. म्हटलं, आधी बघू तरी... किती लांब ते."

"सपाट कापडावर मोजताय. अंग गोल आहे." तिनं टेबलावरचा पृथ्वीगोल पुढे सरकवला. "इथं धरा. आधी आडवी लावून बघा. आता वरून घ्या, बर्फावरून."

टेप खरंच कमी लागली. दुसऱ्या टोकाला त्याचं बोट तिच्या बोटावर आलं. माप हलेल म्हणून कुणीच काढलं नाही.

"बारा हजार किलोमीटर," ती जरा घाईनं म्हणाली. "जाताना पंधरा तास, येताना तेरा."

"रस्ता तोच ना? मग?"

"वारा. जाताना तोंडावर, येताना पाठीशी."

हे त्याला फारच आवडलं. दुसऱ्या दिवशी तो विचारायला आला — वारा मध्येच पडला तर? तिसऱ्या दिवशी — वरून बर्फ दिसतो का? उत्तरं येईनात, म्हणून ती रोज घरी वडिलांचं डोकं खाऊ लागली.

"गिऱ्हाईक आहे की तोंडी परीक्षा?" मैत्रीण कुजबुजली.

शनिवारी तो कडक इस्त्री करून आला. "काढा तिकीट."

खिडकी आता एका बटणावर आली होती. तिनं बोट ठेवलं... आणि तिच्या लक्षात आलं, त्या खिडकीतून दिसतं काय? शिंप्याचं दुकान. तो गेल्यावर तेही बंद.

"जाऊन-येऊन ना?"

"नुसतं जायचं."

"मग येतानाचे दोन तास फुकट गेले की तुमचे."

"परत या म्हणणारं कुणी असेल, तर वाचतील."

"आणि... जाऊच नका म्हणणारं असेल तर?"

त्यानं गळ्यातली टेप हळूच काढून हातात घेतली. "म्हणतंय का कुणी?"

"म्हणतंय. पण मोठ्यानं नाही म्हणणार. शेजारी लोक आहेत."

"लोकांना ऐकू आलं बरं का!" मैत्रीण म्हणाली.

सोमवारी मैत्रिणीनं एक तिकीट खपवलं आणि खिडकी पटकावली. आता रोज दुपारी तिला समोर दोघं एका डब्यात जेवताना दिसतात, आणि तिचं कामात लक्ष लागत नाही.

ताईला माणूस मिळालं नाही ते नाहीच. वर लग्नाला यायचं तिकीटही तिला तिकडूनच, पदरचे पैसे घालून काढावं लागलं. उतरल्या उतरल्या तिनं भावाचा कान पकडला, वहिनीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तेरा तासांत आले गं!"

परत जाताना मात्र पंधरा पडले. तेही तिलाच.