वाकड्या पायाचा पिळोबा

धाकटीचा उजवा अंगठा सुजून टम्म झाला होता, पण हातातला खेळण्यातला माणूस, पिळोबा, तिने काही सोडला नव्हता. दवाखान्याच्या बाकावर बसून ती डाव्या हाताने त्याची कंबर फिरवू पाहत होती, आणि कंबर काही तिला दाद देत नव्हती.

"द्या इकडे," कुणीतरी म्हणालं.

तिने वर पाहिलं. विस्कटलेले केस, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि डोळ्यांत असं हसू, की दुखणाऱ्याने दुखणं विसरावं. हा इथला फिजिओ. तिने मुकाट्याने अंगठा पुढे केला.

"अंगठा नंतर. आधी हे गृहस्थ. यांची तब्येत जास्त गंभीर दिसते." त्याने पिळोबा अलगद उचलला आणि उजेडात धरला. "मान पाठीकडे. हात गुडघ्याच्या जागी. कानाशी बूट... कुठून पडले हो हे?"

"पडला नाही तो! मुद्दाम विस्कटलाय. पिळून पिळून त्याचा पुन्हा माणूस करायचा. कोडं आहे ते."

"कुणी बनवलं?"

"मी," धाकटी म्हणाली. मान ताठ, नाक वर.

खरं तर घरात आणि कारखान्यात तिला कुणी एवढं ताठ पाहिलं नव्हतं. घरी थोरली बहीण सगळं ठरवायची. खेळण्यांच्या कारखान्यात हिच्या वाट्याला बदकं. टबात तरंगणारी, पिवळी, हसरी बदकं. साच्यासाठी त्यांची चित्रं काढता काढता ती इतकी विटली होती, की तळ्यातलं खरं बदक दिसलं तरी तोंड फिरवायची. आणि मग एक दिवस तिच्या डोक्यात हा माणूस शिरला. डोकं, छाती, कंबर, पाय. प्रत्येक थर गरगर फिरणारा, शिवाय पिळलं की डावीकडचे तुकडे उजवीकडे जाणारे. कारखान्याच्या मालकीणबाई वर्षाला एकच नवं खेळणं काढायच्या. यंदा ते पिळोबाच असणार, असं धाकटीने मनाशी पक्कं केलं होतं. नाहीतर पुन्हा बदकं... जन्मभर बदकं.

"अंगठ्याला आधारपट्टी," फिजिओने निकाल दिला. "आणि पिळापिळी महिनाभर बंद."

"महिनाभर? शक्यच नाही! पुढच्या आठवड्यात मालकीणबाईंसमोर जुळवून दाखवायचाय."

"मग दुसऱ्या कुणाला तरी फिरवायला सांगा."

"कुणाला सांगू?"

त्याने पिळोबाची कंबर सहज एक वेढा फिरवली. मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर... माझे दोन्ही हात रिकामेच असतात."

धाकटीच्या कानशिलापर्यंत ऊब चढली. सुजेचा ताप असेल, असं तिने स्वतःला सांगून टाकलं.

मग रोज संध्याकाळी दवाखान्यातल्या व्यायामाच्या गादीवर दोघं समोरासमोर बसू लागले. ती सांगायची, तो फिरवायचा.

"कंबर उजवीकडे. छाती डावीकडे. अहो, माझ्या डावीकडे!"

"तुमची डावी ती माझी उजवी."

"मग इकडे येऊन बसा ना."

तो आला. खांद्याला खांदा लागला. त्यानंतर बराच वेळ दोघांनाही डावं-उजवं काहीच सुधरेना. दोन दिवसांत 'अहो'चं 'अरे' झालं आणि तिसऱ्या दिवशी थोरलीने घरी विचारलंच, "काय गं, तुझा हाडवैद्य आज काय म्हणाला?"

"हाडवैद्य नाही, फिजिओ."

"तेच ते. अंगठा बरा होतोय की आणखी काही बिघडतंय?"

धाकटीने उशी फेकून मारली. डाव्या हाताने फेकली, म्हणून नेम चुकला.

मालकीणबाईंनी निरोप पाठवला होता, 'विस्कटलेला आणा, माझ्यासमोर जुळवा.' म्हणून आदल्या संध्याकाळी धाकटीने पिळोबा फिजिओच्या हवाली केला. "नीट विस्कट. आणि एक लक्षात ठेव... पाडू नकोस. जीव आहे माझा त्याच्यात."

"माहितीये मला," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंच्या खोलीत दोघं उभे राहिले. बाई म्हणजे मोजकं बोलणं आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. "हा कोण?" त्यांनी विचारलं.

"सध्या माझा उजवा हात," धाकटीने पट्टी दाखवली.

ती सांगत गेली, तो फिरवत गेला. मान वळली, छाती जुळली, दोन्ही हात खांद्यांना येऊन बसले. शेवटचा वेढा पडला आणि पिळोबा माणूस झाला... जवळजवळ. डाव्या पोटरीवरची लाल पट्टी बाहेरच्या बाजूला असायची, ती पुढे आली होती. पाऊलही सरळ समोर. पिळोबाचं डावं पाऊल धाकटीने नाचणाऱ्यासारखं मुद्दाम बाहेर वळवलेलं होतं.

"फिरव परत," ती म्हणाली. त्याने फिरवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. पिळोबाचा साधा नियम होता. त्याच्यात एकटा तुकडा कधीच वळत नाही. एक वळला, की दुसरा कुठला तरी त्याच्याबरोबर वळतोच. पोटरी आणि पाऊल हा एकच तुकडा, आणि तो एकटाच वळलाय, म्हणजे पिळून वळलेला नाही. कुणीतरी उघडून बसवलंय.

तिने फिजिओकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काल माझ्या हातून पडला," तो मालकीणबाईंकडे बघून बोलला. "पाय निघून आले. मी परत बसवले. एक पाऊल वाकडं दिसलं... आणि मी ते सरळ केलं. दिवसभर तेच तर करतो मी. यांची काही चूक नाही, बाई. कोडं बरोबर आहे."

"आणि मला सांगितलं नाहीस!" धाकटीचा आवाज फुटला.

"वाटलं, नीट झालंय. तुला उगाच कशाला घाबरवायचं..."

मालकीणबाईंनी चष्मा वर सारला. "मुली, हा मोठा माणूस. याच्या हातून पडला आणि याने चुकीचा बसवला. माझ्या खेळण्यांशी तर पोरं खेळतात. ती पाडणार नाहीत? एकदा चुकीचं बसलं, की मूल महिनाभर पिळत बसेल आणि स्वतःला मठ्ठ समजेल. असलं खेळणं मी काढणार नाही."

बाहेर आल्यावर तो "ऐक ना" म्हणाला. ती काही ऐकायला थांबली नाही.

घरी येऊन ती पालथी पडून ढसाढसा रडली. राग तर होताच. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की त्याच्याशिवायची संध्याकाळ तिला खायला उठली. थोरलीने डोक्यावरून हात फिरवला. चिडवलं मात्र नाही.

"दे सोडून तो पिळोबा," ती म्हणाली.

"सोडू? मालकीणबाई 'काढणार नाही' म्हणाल्या ते 'असलं खेळणं'. तसं नसलं तर?" धाकटी उठून बसली. नाक पुसलं, कागद ओढला. आतल्या गाभ्यावरच्या सगळ्या खाचा सारख्याच होत्या, म्हणून कुठलाही तुकडा कसाही बसायचा. प्रत्येक खाच वेगळी केली तर? एक तिकोनी, एक पाचरीसारखी, एक चंद्रकोरीसारखी. चुकीचा तुकडा आत जाताच कामा नये!

पण स्वतः बनवलेलं स्वतः चुकीचं बसवायचं, हे तिला जमेना. हात आपोआप बरोबरच जायचे. तिला चुकणारं माणूस हवं होतं, आणि त्या कामात एकाचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

दवाखान्याच्या दारात ती उभी राहिली. फिजिओ कुणा आजोबांचा गुडघा वाकवत होता. तिला बघून त्याने तो वाकवलेलाच ठेवला.

"माझं तुझ्याशी भांडण आहे," ती म्हणाली. "ते तसंच राहू दे. पण काम आहे."

"सांग."

"पिळोबा पाडायचा. आणि चुकीचा बसवायचा. जमेल?"

"तेवढंच तर जमतं मला," तो म्हणाला. गुडघेवाले आजोबा म्हणाले, "आधी माझा पाय सोडा, मग तुमचं मिटवा."

पुन्हा संध्याकाळी भरू लागल्या. तो पिळोबा टेबलावरून पाडायचा, कपाटावरून पाडायचा, डोळे मिटून बसवायचा. ती शेजारी कानस घेऊन खाचा घासायची. पहिल्यांदा त्याने मान उलटी बसवली, मग कोपर, मग पुन्हा तेच पाऊल. प्रत्येक चुकीला ती एक खाच बदलायची. भांडण कुठल्या दिवशी संपलं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. आणि एका संध्याकाळी तो कपाळावर घाम येईपर्यंत झटला, दाबलं, वळवलं, हळूच ठोकलंसुद्धा... चुकीचं काही बसेना.

"हरलो," तो म्हणाला, आणि इतका आनंदाने म्हणाला, की धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मालकीणबाईंनी या वेळी पिळोबा हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि सरळ फरशीवर सोडून दिला. खळ्ळकन आवाज झाला. तुकडे चहूकडे पांगले. बाई खुर्चीत बसल्या बसल्या गोळा करू लागल्या. "डोकं टेबलाखाली गेलं. काढा."

दोघंही गुडघ्यांवर टेबलाखाली शिरले. खाली अंधार होता, धूळ होती, समोर मालकीणबाईंच्या चपला होत्या.

"एक सांगू?" तो कुजबुजला.

"आत्ता? आधी डोकं शोध."

"वर मालकीणबाई आहेत. इथे आपण दोघंच आहोत. मग पुन्हा धीर होणार नाही." तो आणखी जवळ सरकला. "मला तू आवडतेस. खूप. तू ओरडतेस तेव्हासुद्धा."

"सापडलं का?" वरून आवाज आला.

"शोधतोय!" दोघं एकदम म्हणाले.

धाकटीने डोकं शोधायचं सोडून दिलं. काळजाची धडधड बाईंना ऐकू जाईल, असं तिला वाटलं. "मीच विचारणार होते तुला," ती म्हणाली. "आज पिळोबा मंजूर झाला की."

"आणि नाही झाला तर?"

"तरीही विचारणार होते. जरा चिडून विचारलं असतं, इतकंच."

डोकं त्याच्या टाचेशीच पडलेलं होतं. ते घेऊन दोघं बाहेर आले, केसांत धूळ घेऊन. मालकीणबाईंनी बाकीचा पिळोबा केव्हाच उभा केला होता. त्यांनी डोकं उलटं दाबून पाहिलं, आडवं दाबून पाहिलं. ते सरळच बसलं. मग त्यांनी कंबर फिरवली, छाती फिरवली, आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"उद्यापासून साच्याला लाग," शेवटी त्या म्हणाल्या. "हा माझ्याकडेच राहू दे. जमत आलाय." मग चष्म्यावरून त्यांनी फिजिओकडे पाहिलं. "आणि हा पाडणारा? अजून आहेच का तुझ्याबरोबर?"

"आहे," धाकटी म्हणाली. "आणि आता कायमचा राहणार आहे."

फिजिओचे कान लालबुंद झाले. मालकीणबाईंनी "बरं" म्हटलं आणि पिळोबाची कंबर पुन्हा उजवीकडे फिरवली.